प्रार्थनेला बोलावलं, तर पुढे काय? विदर्भातल्या नव्या पाळकांसाठी

सेमिनरीतून निघून वाशीम, यवतमाळ, अचलपूर किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या लहान मंडळीत (चर्चमध्ये) तुमची नेमणूक झाली असेल, तर पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात येईल. रविवारचा उपदेश कसा झाला हे फारसं कोणी विचारत नाही. रात्री साडेदहाला दार मात्र वाजतं. "पास्टर, आमचे हे दोन दिवसांपासून जेवले नाही, कोनाशी बोलत नाही. जरा येऊन प्रार्थना करून द्या." तेव्हा काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, एवढंच इथे लिहिलं आहे. फादर, सिस्टर, मंडळीचा कारभार पाहणारे पंच, महिला मंडळातल्या बाया यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाळकानं डॉक्टर व्हायला जाऊ नये, तसा आवही आणू नये. पण डॉक्टरकडे नसलेल्या दोन गोष्टी त्याच्याजवळ असतात. तो न बोलावता घरात जाऊ शकतो, आणि गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले तरी त्याच घरी चहाला बसू शकतो. गावात सगळं अडतं ते नेमकं या दोन जागी: माणूस उपचारापर्यंत पोचत नाही, पोचला तर टिकत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. दुसरा आकडा आपल्या घरचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे पोचवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षानं 27.2 टक्के झाले. हे काम करणारी माणसं मोठ्या पदव्यांची नव्हती. तुमच्या मंडळीत तशी चार माणसं नक्की निघतील.

आणि हे आपल्याला नवीनही नाही. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, यवतमाळ जिल्ह्यातलं उमरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल, अचलपूरजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णांचं रुग्णालय. विदर्भात देऊळ (म्हणजे आपलं चर्च) आणि दवाखाना बरोबरीनंच उभे राहिले. महारोग हा शाप आहे असं सगळा गाव म्हणायचा, त्या काळात आपल्या लोकांनी जखमा धुतल्या. मनाच्या आजाराला गाव आजही शापच म्हणतो, आणि खंत ही की कधीकधी मंडळीही म्हणते.

पायरी पहिली: कोणी येण्याआधी पत्ते गोळा करा

नेमणुकीच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हे उरकून घ्या, कारण अडचणीच्या रात्री शोधाशोध होत नाही. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे, हे पाहा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. तिथे स्वतः जाऊन बाह्यरुग्ण विभागाचे वार विचारा, तालुक्याला त्यांचं पथक कोणत्या दिवशी येतं तेही विचारा. वर्धेकडचे असाल तर सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. आजार फार बळावला तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 1864 पासूनचं. लोक 'पागलखाना' म्हणून त्याचं नाव काढायला भितात. तुम्ही तरी सरळ मनोरुग्णालय म्हणा.

एसटीची वेळही लिहून ठेवा. चिठ्ठी काढायची खिडकी सकाळीच बंद होते आणि गावातली पहिली गाडी त्यानंतर पोचत असेल, तर माणूस एकदा जाऊन परत येतो आणि मग कधीच जात नाही. उपचार सुटण्याचं हे फार साधं कारण आहे आणि कुठल्याच पुस्तकात नसतं.

आशा ताई, आरोग्य केंद्रातली नर्स (एएनएम), पोलीस पाटील यांची ओळख करून घ्या. आशा ताईला घरोघरचं माहीत असतं आणि तिचा धर्म कोणता हे कोणी विचारत नाही. ती तुमची पहिली सहकारी.

नंबर मोजकेच ठेवा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. 108 अँब्युलन्स, 112 पोलीस आणि तातडीची मदत, 1098 मुलांसाठी. हे देवळाच्या दारावर आतून चिकटवा. आणि 14416 ला एकदा स्वतः फोन लावून पाहा. पलीकडून काय विचारतात हे तुम्हाला माहीत असलं, तर घाबरलेल्या बाईच्या हातात फोन देताना "ते तुमचं गाव विचारतील, मग काय होतंय ते विचारतील, तुम्ही सावकाश सांगा" एवढं सांगता येतं. तेवढ्यानं ती बोलते.

पायरी दुसरी: तक्रार कशी येते ते ओळखा

"मला नैराश्य आलंय" असं म्हणत तुमच्याकडे कोणी येणार नाही. येतील ते असं म्हणत: जीवच लागत नाही कशात. रातभर डोळा लागत नाही. डोकं जड जड रायते. छातीत धडधड होते, डॉक्टर म्हणते काहीच नाही. मले काही सुदरत नाही. लय टेन्शन घेऊन रायला तो. बायांचं दुखणं तर जवळजवळ नेहमी अंगावर येतं: कंबर, डोकं, हातापायाला मुंग्या, आणि सलाइन लावून द्या हा आग्रह. अंगदुखीमागे अंगाचाच आजारही असू शकतो, म्हणून आधी साध्या डॉक्टरकडे तपासणी होऊ द्या. रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर यांनीही माणूस असाच सुस्त होतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातलं मन उडालं असेल, नेहमी उपासनेला येणारा येत नसेल, आंघोळ-दाढी सुटली असेल, तर घरी जाऊन या. बाळंतिणीकडे वेगळं लक्ष द्या. पहिले काही दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि जातंही. दोन आठवड्यांपुढे गेलं, किंवा बाळाला घ्यावंसंच वाटेना झालं, तर आशा ताईला त्याच दिवशी सांगा. एखादा माणूस कोणी नसताना आवाज ऐकत असेल, शेजारी जेवणात काही घालतात असं ठामपणे म्हणत असेल, रात्र रात्र फिरत असेल, तर तिथे घरच्या सल्ल्याला जागा नाही. मानसोपचार तज्ज्ञच लागतात.

कापूस-सोयाबीनच्या मुलखात वर्षाचाही एक नकाशा असतो. पेरणीनंतर पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणीची वेळ आली, तो पहिला काळ. बोंडअळी दिसते किंवा परतीचा पाऊस सोयाबीन सडवतो, तो दुसरा. मार्चअखेरला बँक, सोसायटी, बचत गटाची किस्त आणि फायनान्सवाला एकाच वेळी दारात उभे राहतात, तो तिसरा. त्यात बारावीचा निकाल आणि पोलीस भरतीची यादी धरा. गृहभेटी वर्षभर सारख्या वाटून घेण्यापेक्षा या दिवसांत दुप्पट करा. उपकारस्तुतीच्या सणाला लोक कापूस, तूर, ज्वारी घेऊन वेदीपाशी येतात. त्या दिवशी कोण रिकाम्या हाती आला आणि कोण आलाच नाही, हे पाळकानं मनात टिपून घ्यावं, तोंडानं बोलू नये.

पायरी तिसरी: बसा, ऐका, आणि प्रार्थनेचं विचारून करा

आजारी माणसाच्या घरी गेलं की खोलीत पाच-सहा नातेवाईक असतात आणि सगळे त्याच्या वतीनं बोलतात. त्यांचं ऐकून घ्या, मग म्हणा, "भाऊशी मी थोडा एकटा बोलतो." ओसरीवर, बांधावर, निंबाखाली, जिथे लोकांना दिसाल पण ऐकू जाणार नाही, अशा जागी बसा. समोर बाई असेल तर तुमच्या सौभाग्यवतीला, नाहीतर महिला मंडळातल्या एखाद्या मोठ्या बाईला सोबत घ्या. बंद खोलीत एकट्यानं बोलू नका. गावात एक अफवा उठली की तुमची सगळी वर्षं वाया जातात आणि त्या बाईचं त्याहून वाईट होतं.

मग गप्प बसा. नव्या पाळकाला हे सगळ्यात जड जातं, कारण आपल्याला बोलायचं शिक्षण मिळालेलं असतं. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ काही न बोलता बसले होते, तेवढे दिवस ते खरे मित्र होते. तोंड उघडल्यावर बिघडलं. "केव्हापासून असं होतंय?", "दिवसातला कोणता वेळ जास्त जड जातो?", "याआधी कधी झालं होतं का, तेव्हा कशानं बरं वाटलं?" एवढे प्रश्न पुरतात. "तुमचा विश्वास कमी पडला", "काही पाप लपवलं असेल तर कबूल करा", "तुमच्यापेक्षा वाईट हाल असलेले लोक आहेत", "बाईमाणसासारखं काय रडता" ही वाक्यं या घरात उच्चारूही नका. आजारी माणूस स्वतःला रात्रंदिवस तेच सांगत असतो.

बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट उपदेशात नेहमी येते, पण तिच्यातला क्रम आपण विसरतो. रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं, तेव्हा त्याला कोणी ओरडलं नाही. दूत आला, भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवून खाऊ घातलं. डोंगरावरचं बोलणं त्यानंतर बरंच पुढे झालं. म्हणून आधी विचारा, जेवला का? झोपला का?

प्रार्थना करायची असेल तर "करू का?" असं विचारून, लहान आणि हळू आवाजात करा. माणसाचं दुखणं ओळीओळीनं देवाला ऐकवण्याच्या निमित्तानं शेजाऱ्यांना ऐकवू नका. आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'प्रार्थनेसाठी विषय' म्हणून नाव टाकायची सवय आजच मोडा. तालुकाभर चुगली पोचवायला याहून भक्तिमान रस्ता दुसरा नाही. एखाद्याचं सांगायचंच असेल तर त्याच्या परवानगीनं, आणि त्याला चालेल तेवढंच.

गुप्तता पाळायचीच. तिला दोन अपवाद आहेत, आणि ते बोलणं सुरू होण्याआधीच सांगून ठेवा: जिवाला धोका असेल तर मी घरच्यांना आणि डॉक्टरला सांगेन, आणि लेकरावर लैंगिक अत्याचार होत असेल तर पोलिसांना सांगेन. हा दुसरा अपवाद कायद्यानंच घातला आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली माहिती असून न कळवणं हा गुन्हा आहे. पंचांच्या बैठकीत 'आपसात मिटवणं' त्यात बसत नाही, आरोपी पंच असला तरी, आणि तेव्हा तर मुळीच नाही.

पायरी चौथी: मरणाबद्दल सरळ विचारा

इथे बहुतेक जण कच खातात. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. शब्द साधे ठेवा: "भाऊ, एवढा त्रास होते तं मरून जावं असं मनात येते का?" हो म्हणाला तर, "कसं करायचं ते ठरवलं का? घरात तशी वस्तू आहे का? आज करावंसं वाटते का?" आवाज चढवू नका, शपथ घालू नका, नरकाची भीती घालू नका.

ठरवलेलं असेल, वस्तू हाताशी असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला त्याच्यासमोरच सांगा. 14416 लावा, आणि धोका आजचाच वाटला तर 108 बोलावून थेट रुग्णालयात न्या. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी बाहेर काढा. शेजाऱ्याकडे, कुलपात, किल्ली दुसऱ्याजवळ. हे वरवरचं वाटतं, पण हा टोकाचा विचार पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ हातात काही नसलं तर माणूस वाचतो. माझं तर म्हणणं आहे की मंडळीतल्या प्रत्येक शेतकऱ्यानं फवारणीचे डबे कुलूपबंद पेटीत ठेवावेत, आणि हे महिला मंडळानं मनावर घ्यावं. पेटीला लागणारा खर्च देवळाच्या रंगरंगोटीच्या मानानं काहीच नाही.

कोणी विष घेतलंच असेल, तर मिठाचं पाणी पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका. कुशीवर निजवा, औषध सांडलेले कपडे काढा, अंग धुवा, स्वतःच्या हाताला लागू देऊ नका. डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. "आता बरा बोलतो आहे" म्हणून घरी थांबू नका. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलिसांच्या भीतीनं लोक दवाखाना टाळतात, म्हणून कायदा माहीत असू द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, आणि तिला त्यासाठी शिक्षा करायची नाही. रुग्णालयात पोलिसांची नोंद होते, ती नेहमीची पद्धत आहे. जबाब देताना सोबत बसा.

पायरी पाचवी: सोबत जा, आणि गोळ्या टिकवा

पहिल्या वेळी स्वतः जा किंवा मंडळीतला एखादा माणूस पाठवा. नुसता पत्ता लिहून दिला तर दहातले फार थोडे पोचतात. निघण्याआधी कागदावर चार ओळी लिहून घ्या: केव्हापासून, काय काय, आधीचे आजार, सुरू असलेली औषधं. डॉक्टरसमोर पाच मिनिटं मिळतात आणि माणूस तिथे मुका होतो.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो: मळमळ, तोंड कोरडं, झोप. म्हणजे गुण येण्याआधीच माणूस गोळी सोडतो. तुमची दुसरी आणि तिसरी भेट याच दिवसांत पडली पाहिजे. बरं वाटल्यावरही कित्येक महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरच्याच सांगण्यावरून, हळूहळू.

उपास-प्रार्थनेचा विषय इथेच येतो. मनाच्या आजाराची औषधं घेणाऱ्यानं उपास धरू नये, निदान डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. 'लिथियम' नावाची गोळी असेल तर जास्तच जपा. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की तिचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यातच मंडपात दिवसभराची संजीवन सभा (प्रार्थना-प्रवचनाचा मेळावा) लागते. हात जोरात कापणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या असं दिसलं तर सभा सोडून दवाखाना. दुसऱ्या काही मानसिक औषधांनीही ऊन लवकर बाधतं. पाण्याचा माठ आणि सावली ही मंडपातली सोय अशा माणसासाठी उपचारच असतो.

आणि साक्षीचं काय? कोणीतरी उभं राहून सांगतं, "मी विश्वासानं गोळ्या फेकल्या आणि प्रभूनं बरं केलं." सगळे हालेलुया म्हणतात. मागच्या बाकावर बसलेली बाई त्या रात्री आपल्या गोळ्या फेकते. त्या क्षणी पाळकानं उठून शांतपणे बोललंच पाहिजे: "भावाला बरं वाटतं याबद्दल देवाची स्तुती असो. बाकी कोणीही डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका." साक्ष देणाऱ्याला वाईट वाटेल. वाटू द्या, नंतर घरी जाऊन समजूत काढता येते.

पायरी सहावी: भूतबाधा म्हणून आणलेला माणूस

येईलच. फीट येणारा मुलगा, अंगात येणारी सून, स्वतःशी बोलणारा भाऊ. बहुतेकदा तो आधी बाबाकडे, भगताकडे जाऊन आलेला असतो आणि आता 'ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पावरफुल असते' म्हणून तुमच्या दारी आणलेला असतो. या कौतुकाला भुलू नका. आधी डॉक्टर. फीट म्हणजे बहुतेक वेळा मिरगी, आणि मिरगीला स्वस्त, चांगली औषधं आहेत. प्रार्थना करायला कोणी अडवलेलं नाही, ती उपचाराच्या सोबतीनं चालू दे.

पण काही गोष्टींना आपल्या अंगणात जागाच नको: मारणं, बांधणं, केस धरून हलवणं, उपाशी ठेवणं, मिरचीचा धूर, दिवसेंदिवस प्रार्थना केंद्रात डांबून ठेवणं. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. करणारा कोणत्या धर्माचा, हे त्यात पाहिलं जात नाही. मानसिक आजार असलेल्याला साखळीनं बांधणं 2017 च्या कायद्यातही सक्त मना आहे. बाहेरून आलेला एखादा सुवार्तिक हे करत असेल तर माइक बंद करायचा अधिकार तुमचा आहे, तो वापरा.

पायरी सातवी: दारू

वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तरी मोहाची कुठे मिळते हे तिथल्या शाळकरी पोरालाही विचारा. प्रत्येक मंडळीत दारूनं पोखरलेलं घर असतं आणि दारू सोडवणं हे आपण आपलं हक्काचं काम समजतो. एक धोका मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं, तर काही तासांत हातपाय कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. त्यात जीव जातो. अशा माणसाला तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेला बसवणं म्हणजे नेमक्या धोक्याच्या दिवसांत दवाखान्यापासून दूर ठेवणं. आणि त्या भासांना लोक सैतानाचा हल्ला म्हणतात, मग आणखी प्रार्थना, आणखी उपास. रोज पिणारा "आजपासून सोडली" म्हणून शपथ घेत असेल तर शाबासकी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मन वळवायचं, घर सावरायचं, पुन्हा प्यायला लागला तर न हिणवता पुन्हा सुरुवात करायची, हे सगळं त्यानंतरचं काम आहे आणि ते लांबलचक असतं. दारू सुटण्याआधीही त्याच्या बायकोची वेगळी विचारपूस करा. मार खात असेल तर 181 हा महिलांचा नंबर तिला माहीत असू द्या.

पायरी आठवी: आत्महत्येनंतरचं घर

अशा मयताला मंडळीच्या कबरस्थानात जागा द्यायची का, पाळकानं जायचं का, यावर पंच अजूनही वाद घालतात. जायचं. पूर्ण विधी करायचा. कॅथलिक मंडळीत चर्चच्या कायद्याच्या 1917 च्या संहितेनुसार असा अंत्यविधी नाकारता येत होता. 1983 च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. प्रॉटेस्टंट पंचांनी त्याहून कडक राहण्याचं मला कारण दिसत नाही. प्रवचनात कसं केलं याचं वर्णन नको, 'सुटला बिचारा' नको, निवाडाही नको. समोर बसलेल्यांत तसाच विचार करणारा आणखी कोणी असू शकतो.

त्यानंतर कागद. शेतकरी असेल तर राज्य सरकारची 1 लाख रुपयांची मदत असते आणि प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, कर्जाचे कागद लागतात. ही धावपळ त्या विधवेला तेराव्या-चौदाव्या दिवशीच करावी लागते, जेव्हा तिला धड उभंही राहवत नाही. मंडळीतला शिकलेला एक तरुण तिच्यासोबत तहसीलला जायला लावा. सावकाराचा माणूस दारात आला तर तिथे पंचांपैकी कोणीतरी बसलेलं असू द्या. गावाला हळूहळू विसर पडतो, नातेवाईक परत जातात, आणि पहिला पोळा, पहिला नाताळ, वर्षश्राद्धासारखा तो दिवस उजाडतो, तेव्हा दार वाजवणारं कोणी नसतं. वहीत त्या तारखा लिहून ठेवा. लेकरांचंही पाहा, शाळेत त्यांना काय काय ऐकवलं जातं ते शिक्षकांना भेटून विचारा.

मंडळीबाहेरच्या घरांबद्दल

हाक मारणारे सगळे ख्रिस्ती नसतील. अशा घरी गेलात तर हे आधीच स्पष्ट असू द्या की मदतीची अट काही नाही: देवळात येण्याची नाही, प्रार्थनेची नाही. त्यांच्या देव्हाऱ्याबद्दल अवाक्षर काढू नका. आशा ताईला किंवा गावातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला सोबत न्या, ते तुमच्याही सोयीचं आहे. धर्मांतराचा संशय एकदा चिकटला की पुढे ख्रिस्ती रुग्णाच्या घरी जाणंही अवघड होतं. पण मूळ कारण तेवढंच नाही. आजारी माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो, त्या वेळी त्याच्यासमोर विश्वासाचा विषय काढणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमचं स्वतःचं

तुटपुंजा पगार, दर काही वर्षांनी बदली, पोरांच्या शाळा बदलणं, आणि पाळकिणबाईंनी सगळ्यांशी हसतमुख राहायचं हा अलिखित नियम. पाळकाच्या घरातही झोप उडते. आठवड्यातला एक दिवस फोन एखाद्या पंचाकडे द्या आणि तो दिवस कोणता हे रविवारी मंडळीत जाहीर करा. दुसऱ्या पंथाचा, दुसऱ्या गावचा एखादा पाळक मित्र धरा, ज्याच्याशी बोललेलं तुमच्या बिशपांपर्यंत किंवा मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटपर्यंत पोचणार नाही. आणि वर दिलेली दोन आठवड्यांची खूण स्वतःलाही लावा. 14416 वर पलीकडचा माणूस तुमचा हुद्दा विचारत नाही.